सारखेपणाचा पेच

चेतापेशी एकमेकींशी कशा बोलतात, या प्रश्नाचं जे उत्तर आज शाळेच्या पुस्तकात चार आकृत्यांत दिलेलं असतं, ते जवळजवळ सगळं माणूस सोडून इतर प्राण्यांनी दिलेलं आहे. स्नायू आणि मज्जातंतूंचा विजेशी संबंध आहे, हे गॅल्व्हानीला बेडकाच्या पायांनी दाखवलं. त्याचा ग्रंथ १७९१ सालचा. मेंदू म्हणजे एकसंध जाळं नाही, तर सुट्या सुट्या पेशींची वस्ती आहे, हे काहालनं १८८८ साली पक्ष्यांच्या लहान मेंदूचे पातळ काप पाहून मांडलं. त्यासाठी त्यानं वापरलेली चांदीच्या क्षारांची रंगवण्याची पद्धत गोल्जीची होती. गंमत अशी की १९०६ साली दोघांना मिळून नोबेल मिळालं, तेव्हाही गोल्जी आपल्या भाषणात अखंड जाळ्याचीच बाजू मांडत होता.

पेशी सुट्या आहेत, तर मग मधली फट निरोप कसा ओलांडतो? १९२१ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवीनं बेडकांची दोन हृदयं घेतली. एका हृदयाकडे जाणारा व्हेगस हा मज्जातंतू उत्तेजित केला, तेव्हा त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचं द्रव त्यानं दुसऱ्या हृदयावर सोडलं. त्याला कुठलाही मज्जातंतू जोडलेला नव्हता, तरी तेही मंदावलं. म्हणजे तंतूच्या टोकातून काहीतरी रसायन बाहेर पडत होतं आणि तेच निरोप होतं. पुढे बर्नार्ड कॅट्झनं बेडकाच्याच स्नायूंवर दाखवलं की हे रसायन सलग झिरपत नाही, ठरावीक मापाच्या पुड्यांमधून सुटतं. एकल्सनं मांजरीच्या मज्जारज्जूतल्या पेशींत इलेक्ट्रोड घातला आणि तिथेही निरोप रसायनातूनच जातो हे त्याला मान्य करावं लागलं. तोवर तो स्वतः विजेच्या बाजूचा खंदा वकील होता. शिकताना चेतापेशींमधले जोड घट्ट होतात, हे एरिक कँडेलनं सुमारे २०,००० चेतापेशी असलेल्या एका सागरी गोगलगायीत शोधलं.

आणि या सगळ्यांच्या मधोमध आहे स्क्विड. कोकणात ज्याला आपण माकूळ म्हणतो तो. त्याच्या अंगातला एक मज्जातंतू इतका जाड असतो की नुसत्या डोळ्यांना दिसतो. जवळजवळ अर्धा मिलिमीटर, कधी त्याहून जास्त. माणसाच्या मेंदूतले तंतू याच्या शेकडो पटींनी बारीक असतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथमध्ये ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९३९ साली या तंतूच्या आत इलेक्ट्रोड सरकवला आणि त्यातून धावणारा विद्युत्-स्पंद आतून मोजला. लगेच महायुद्ध पेटलं आणि काम थांबलं. १९५२ साली त्यांनी त्या स्पंदाचं गणित प्रसिद्ध केलं. पेशीच्या आवरणातली दारं उघडतात, सोडियम आत येतो, मग पोटॅशियम बाहेर जातो आणि साधारण एका मिलिसेकंदात सगळं पूर्ववत होतं. आकडे थोडे बदलले की हेच गणित उंदराला लागू पडतं आणि हे वाचताना तुमच्या डोक्यात जे चाललं आहे त्यालाही.

तो तंतू इतका जाड का असतो? शत्रू दिसला की माकूळ अंगातलं पाणी एका झटक्यात मागे फेकून पळतो. तंतू जितका जाड, तितका निरोप वेगानं जातो. म्हणजे चेतापेशीची भाषा आपल्याला ज्या तंतूनं शिकवली, तो पळून जाण्यासाठी घडलेला तंतू होता.

मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक आहे. उंदरांच्या मेंदूत स्मृतीशी संबंध असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, त्याचे पातळ काप घेऊन त्यांतले सिनॅप्स, म्हणजे दोन पेशींमधल्या निरोपाच्या जागा, कशा बदलतात हे मी मोजते. त्या दोन पेशींमध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. कापाला प्राणवायू आणि योग्य क्षार मिळत राहिले तर तो कित्येक तास जिवंत राहतो. उंदीर अर्थातच राहत नाही. हे लिहायचं कारण इतकंच की पुढचा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नाही. आठवड्यातून दोन-तीनदा तो माझ्या हातात असतो, २५ ग्रॅम वजनाचा आणि ऊबदार.

प्रश्न असा आहे. उंदराच्या पेशींवरून माणसाबद्दल काही कळतं, कारण त्या आपल्या पेशींसारख्या आहेत. तेच क्षार, त्याच प्रकारची दारं, तीच ग्लुटामेटची पुडी. हा सारखेपणा नसता तर माझं सगळं काम म्हणजे उंदरांविषयीची एक चांगली नोंदवही ठरलं असतं आणि त्यासाठी कुणी अनुदान दिलं नसतं. पण ज्या सारखेपणामुळे हे काम उपयोगाचं ठरतं, त्याच सारखेपणामुळे “तो काय, उंदीरच तर आहे” हे म्हणणं अवघड होतं. वेगळा असेल तर प्रयोग व्यर्थ, आणि सारखा असेल तर आपला अधिकार कोणता?

या पेचातून सुटायचे जे नेहमीचे रस्ते आहेत, ते एकेक करून पाहायला हवेत.

पहिला रस्ता असा: पेशी सारख्या असल्या म्हणून दुःख सारखं होत नाही. हा युक्तिवाद फेटाळून लावण्यासारखा नाही. माकुळाचा तो जाड तंतू शरीरातून काढल्यावरही तासन्‌तास स्पंद देत राहतो. त्या तंतूला काही वाटत असेल असं कुणी म्हणणार नाही. बशीत ठेवलेली एकटी चेतापेशी दुखावत नाही. निरोप जाणं आणि वेदना होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेदनेसाठी लाखो पेशींची एक विशिष्ट रचना लागते. सी. एलेगन्स नावाच्या सूक्ष्म कृमीत ३०२ चेतापेशी असतात, उंदराच्या मेंदूत साधारण ७ कोटी, माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी. या पायऱ्यांना काहीच अर्थ नाही असं म्हणणं हा हट्ट होईल.

पण मग आम्ही कृमीवर का थांबत नाही? पुष्कळ प्रश्नांसाठी थांबतो. मात्र भीती, व्यसन, जुनाट वेदना, नैराश्य यांचा अभ्यास करायचा असला की आम्हाला उंदीर लागतो, कारण तिथे नुसत्या पेशी नव्हेत, त्यांची रचनाही आपल्यासारखी आहे. याचं सगळ्यांत बोचरं उदाहरण म्हणजे १९७७पासून वापरात असलेली एक चाचणी. उंदराला पाण्याच्या उभ्या भांड्यात सोडतात. वर चढायला जागा नसते. तो काही वेळ हातपाय मारतो आणि मग नुसता तरंगत राहतो. तो किती वेळ निश्चल राहिला हे मोजतात. नैराश्यावरच्या औषधानं तो जास्त वेळ झगडला तर औषध आशादायक ठरतं. आता त्या निश्चल उंदराला निराशेसारखं काही वाटत नसेल, तर चाचणी कशाची चालली आहे? आणि वाटत असेल, तर आपण निराशा मुद्दाम तयार करतो आहोत. ब्रिटनमध्ये ही चाचणी आता मोडीत निघण्याच्या वाटेवर आहे, पण तिनं मांडलेला पेच तिच्याबरोबर जाणार नाही. “रचना वेगळी आहे” हा बचाव नेमका तिथेच तोकडा पडतो, जिथे त्याची सगळ्यांत जास्त गरज असते.

दुसरा रस्ता हिशेबाचा. काही प्राण्यांचं नुकसान आणि असंख्य माणसांचा फायदा. ब्रिटनमध्ये प्रयोगाचा परवाना मागताना हा हिशेब लेखी मांडावा लागतो: किती प्राणी, त्रास सौम्य, मध्यम की तीव्र, आणि बदल्यात काय मिळणार. या हिशेबाला कमी लेखायची माझी तयारी नाही, कारण त्याचा फायदा मी माझ्या घरात पाहिला आहे.

साताऱ्याला माझी आजी पार्किन्सन्सची रुग्ण आहे. ती दिवसातून तीनदा लेव्होडोपाची गोळी घेते. गोळी चढलेली असताना ती स्वतःच्या हातानं चहा पिते. उतरली की कप बशीवर वाजायला लागतो. या गोळीचा उगम शोधत गेलं की वाटेत आपली सर्पगंधा भेटते. या वनस्पतीचा रक्तदाबावर होणारा परिणाम मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला. तीन वर्षांनी सर्पगंधेतून रेझर्पीन हे द्रव्य वेगळं करण्यात आलं. रेझर्पीन दिलेले प्राणी मात्र थंड, निश्चल होऊन पडत. १९५७ साली स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसननं अशा निश्चल सशांना एल-डोपा टोचलं आणि ते ससे पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूत डोपामीन स्वतःच एक निरोप्या आहे आणि तो नसला की शरीर गोठतं, ही समज तिथून आली. काही वर्षांत तेच द्रव्य पार्किन्सन्सच्या रुग्णांना दिलं जाऊ लागलं. कार्लसनला २०००चं नोबेल मिळालं, कँडेलच्याच बरोबर.

मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर मी ही गोष्ट आजीला सांगितली. सर्पगंधा तिला ठाऊक होती, त्यामुळे तिला मजा वाटली. मग तिनं विचारलं, “आणि त्या सशांचं पुढं काय झालं गं?” मी म्हटलं, आजी, मेंदूतलं डोपामीन मोजायचं तर मेंदू बाहेर काढावा लागतो. ती “हं” म्हणाली आणि थोड्या वेळानं गोळीची वेळ झाली म्हणून उठली.

आजीच्या त्या प्रश्नात हिशेबाची एक अडचण दिसते. पैसे एकानं भरायचे आणि माल दुसऱ्यानं न्यायचा, अशा व्यवहाराला आपण एरवी सौदा म्हणत नाही. सशाला त्यातून काही मिळालं नाही आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

दुसरी अडचण अशी की हा हिशेब आधी मांडायचा असतो, पण जमेची बाजू कळते नंतर. हॉजकिन आणि हक्स्ली दंतवैद्याच्या भुलीचा किंवा अपस्माराच्या गोळ्यांचा शोध घेत नव्हते. सोडियमची दारं बंद करणारी औषधं कशी चालतात हे त्यांच्या कामामुळे समजलं खरं, पण १९३९ साली कुणी त्यांना फायद्याचा रकाना भरायला सांगितला असता तर त्यांनी काय लिहिलं असतं? याच्या उलट, फायद्याचे रकाने ऐटीत भरलेले पुष्कळ प्रयोग शेवटी कुणाच्याच कामी येत नाहीत. मला माझा स्वतःचा रकाना भरताना ठाऊक असतं की मी लिहिते आहे ती आशा आहे, तिला हिशेब म्हणणं धाडसाचं होईल.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. हिशेबच अखेरचा असेल, तर तो माणसांनाही लागू व्हायला हवा. माणसाच्या मेंदूबद्दल माणसावरच्या प्रयोगातून जितकं कळेल तितकं उंदरावरून कळणार नाही. तरी माणसाला त्याच्या संमतीशिवाय वापरायचं नाही, असं आपण ठरवलं आहे आणि ते बरोबरच ठरवलं आहे. विसाव्या शतकात ज्यांनी ते मोडलं त्यांची नावं आपण अभिमानानं घेत नाही. म्हणजे कुठेतरी एक रेषा आहे आणि ती हिशेबातून निघालेली नाही. मग ती रेषा नेमकी माणसापाशीच का, याचं उत्तर हिशेब देऊ शकत नाही.

तिसरा रस्ता म्हणजे थांबणं. तो भाबडा आहे असं आमच्या क्षेत्रात पटकन म्हटलं जातं. मला तसं वाटत नाही. चार्ल्स डार्विननं १८७५ साली ब्रिटिश आयोगापुढे साक्ष देताना शरीरशास्त्रातल्या प्रयोगांची बाजू घेतली, पण प्राण्यांना होणाऱ्या यातनांबद्दलची चीडही त्यानं लपवली नाही. माणूस आणि इतर प्राणी यांच्यातलं नातं त्याच्याइतकं कुणी ओळखलं होतं? ज्याला तो पेच दिसला त्याला थांबावंसं वाटणं स्वाभाविक आहे.

थांबायचं तर पर्याय काय, यावर बरंच काम चाललं आहे. शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या मानवी मेंदूच्या तुकड्यांवर मोजमाप करता येतं. संगणकावर प्रतिकृती करता येतात. २०२४ साली फळमाशीच्या मेंदूतल्या १,३९,२५५ चेतापेशींच्या जोडण्यांचा पूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला, आणि त्यावर आता नवी माशी न मारता कितीतरी प्रश्न विचारता येतात. मानवी मूलपेशींपासून बशीत वाढवलेले मेंदूसारखे गोळे, ज्यांना ऑर्गनॉइड म्हणतात, ते तर बातम्यांत असतातच. हे सगळं वाढायला हवं. पण ऑर्गनॉइडकडे थोडं निरखून पाहिलं की तोच पेच दारातून पुन्हा आत येतो. गोळा जितका मेंदूसारखा, तितका उपयोगी. आणि जितका मेंदूसारखा, तितका तो नुसता गोळा राहत नाही. उंदीर गेला, प्रश्न तिथेच राहिला.

शिवाय आज थांबलं तरी काल झालेलं राहतंच. मोतीबिंदूसह जन्मलेल्या बाळाची शस्त्रक्रिया लवकर करावी लागते, हे आज आपण गृहीत धरतो. नजरेचा मेंदू सुरुवातीच्या काळात घडतो आणि ती वेळ निघून गेली की डोळा दुरुस्त होऊनही दिसत नाही, हे ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा शिवून बंद ठेवून दाखवलं. हे वाचून अंगावर काटा आला तरी त्या ज्ञानाचा वापर आपण थांबवणार नाही, थांबवूही नये. म्हणजे प्रयोगशाळेत कधीच पाऊल न टाकलेला वाचकही या व्यवहाराच्या बाहेर नाही. पण सगळेच आत आहेत म्हणून कुणाचाच दोष नाही, असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही.

अशा वेळी आपली माणसं काय म्हणतात? भारतात गेल्यावर मला दोन प्रतिक्रिया मिळतात. एक म्हणजे “विज्ञानासाठी आहे ना, मग चालतं.” दुसरी एका काकूंची: “अगं, पाप लागेल. गणपतीचं वाहन ते!” काकूंच्याच स्वयंपाकघरात ओट्याखाली उंदराचं औषध ठेवलेलं असतं आणि भाद्रपदात त्याच उंदराच्या मूर्तीपुढे मोदकही असतो. यावर हसता येतं, मीही हसते. पण काकूंची विसंगती दाखवून माझा प्रश्न सुटत नाही. त्यांचा उंदीर धान्य खातो. माझा उंदीर कुणाचं काही खात नाही, त्याला मीच वाढवते.

आपल्या परंपरेतली एक कल्पना मात्र मला या बाबतीत कामाची वाटते. स्मृतिग्रंथांत गृहस्थाच्या घरातल्या पाच वधस्थानांचा उल्लेख आहे. त्यांना पंचसूना म्हणतात: चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. रोजचं जगणं चालवताना या पाच ठिकाणी नकळत जीव मरतात, आणि म्हणून गृहस्थावर रोजची पाच कर्तव्यं येतात. त्यांतलं एक प्राणिमात्रांना अन्न देण्याचं आहे. या मांडणीतल्या इतर पुष्कळ गोष्टी मला मान्य नाहीत. पण तिचा सांगाडा प्रामाणिक आहे. ‘मी निष्पाप आहे’ असं ती गृहस्थाला म्हणू देत नाही, आणि ‘पापी आहेस, चूल विझव’ असंही सांगत नाही. जगण्याच्या मुळाशी एक देणं आहे हे मान्य करून ती देण्याची रोजची रीत लावून देते.

पोळ्याचंही तसंच. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपानं मळतात, दुसऱ्या दिवशी त्याला जू लागत नाही, पुरणपोळी मिळते. त्यानं वर्षभराच्या कष्टांची भरपाई होत नाही, आणि होते असं शेतकरीही म्हणत नाही. तिसऱ्या दिवशी बैल पुन्हा औताला. पण जिथे जू घासलं नेमक्या तिथेच हात फिरवणं म्हणजे घेतलेल्याची पोच देणं आहे.

माझं काम आणि पंचसूना यांत एक मोठा फरक आहे आणि तो लपवता कामा नये. केरसुणीखाली मुंगी नकळत मरते. माझा उंदीर ठरवून, तारीख लिहून मारलेला असतो. त्यामुळे माझं देणं गृहस्थाच्या देण्याहून जड आहे. ते मुळात फिटेल असं मला वाटत नाही. माझ्याकडे त्या उंदरावरचा अधिकार आहे असंही मी म्हणत नाही. माझ्याकडे एक समर्थन आहे आणि ते कायम अपुरं आहे. अपुरं समर्थन घेऊन काम करणाऱ्यानं कसं वागायचं, एवढंच मला सांगता येईल.

प्रयोगशाळेत मारणं या शब्दाऐवजी ‘सॅक्रिफाइस’ म्हणतात, घाईत नुसतं ‘सॅक’. बळी देणाऱ्याची निदान कुणापुढे तरी मान झुकलेली असते. इथे तो शब्द फक्त कानाला मऊ लागावा म्हणून आहे. मी वहीत ‘मारले’ असं लिहिते. त्यानं उंदराला काही फरक पडत नाही, पण पुढचा आकडा लिहिताना मला पडतो.

मग आकड्यांचं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली सांगितलेली तीन तत्त्वं आज सगळीकडे शिकवतात: शक्य तिथे पर्याय वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, त्रास कमी करा. पण ‘कमी’ याचा अर्थ नेहमी ‘थोडे’ असा होत नाही. बारा लागतात तिथे सहाच उंदीर वापरले आणि त्यातून काहीच निष्कर्ष निघाला नाही, तर ते सहाही वाया गेले. आणि नकारात्मक निकाल कपाटात पडून राहिला, तर दुसऱ्या देशातली दुसरी प्रयोगशाळा तोच प्रयोग पुन्हा करते. म्हणून न जमलेलं काम प्रसिद्ध करणं, त्यानं करिअरला काही मिळत नसलं तरी, मला प्राण्यांच्या पिंजऱ्यात गवत घालण्याइतकंच प्राथमिक कर्तव्य वाटतं.

यावर एक रास्त आक्षेप येतो: हे नक्राश्रू आहेत. हळहळायचं आणि करायचं तेच करायचं. या आक्षेपाला शब्दांनी उत्तर देता येत नाही. एकच कसोटी आहे: या हळहळीमुळे एखादा प्रयोग कधी थांबला का? गेल्या वर्षी आमच्या एका शोधनिबंधावर एका परीक्षकानं आणखी एक प्रयोग मागितला. त्याला २४ उंदीर लागले असते आणि उत्तर आमच्याच आधीच्या मोजमापांत होतं, फक्त वेगळ्या तऱ्हेनं मांडावं लागलं असतं. आम्ही नव्यानं विश्लेषण करून पाठवलं आणि प्रयोग करणार नाही असं कळवलं. निबंध तिथे स्वीकारला गेला नाही. सात महिन्यांनी दुसरीकडे, थोड्या कमी नावाजलेल्या ठिकाणी आला. माझा करार दोन वर्षांचा आहे, त्यामुळे ते सात महिने माझ्यासाठी किरकोळ नव्हते. पण ही किंमत एखाद्या वेळी तरी मोजलेली नसेल, तर आक्षेप घेणारा बरोबर आहे असं मी मान्य करेन.

आणि शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. प्लिमथच्या त्या माकुळांना १९३९ साली कुठल्याही कायद्याचं संरक्षण नव्हतं. ब्रिटनचा १८७६चा कायदा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपुरता होता. १९८६चा नवा कायदाही सुरुवातीला तसाच होता. १९९३ साली त्यात ऑक्टोपसची एक जात आली आणि २०१३पासून माकुळासकट त्या वर्गातले सगळे प्राणी आले. हॉजकिन आणि हक्स्ली यांना जे काम कुणाच्याही परवानगीशिवाय करता आलं, त्यासाठी आज जिवंत माकुळावर काही करायचं तर परवाना लागतो. रेषा सरकली. ती सगळीकडे सारखी सरकलेली नाही. अमेरिकेतल्या १९६६च्या प्राणिकल्याण कायद्यातल्या ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येतून प्रयोगांसाठी वाढवलेले उंदीर २००२ साली स्पष्ट शब्दांत वगळले गेले, जरी सरकारी पैशावरच्या संशोधनाला दुसरे नियम लागू होतात. कायद्याच्या पुस्तकात उंदीर हा प्राणी नाही, हे वाचताना मला माझ्या प्रत्येक शोधनिबंधातली पहिली ओळ आठवते, जिथे उंदीर हा माणसाला पर्याय म्हणून उभा असतो.

ब्रिटनमधली रेषा कशामुळे सरकली? भावनिक मोहिमांचा वाटा आहेच. पण या प्राण्यांची मज्जासंस्था किती गुंतागुंतीची आहे, ते शिकतात, लक्षात ठेवतात, इजा झालेली जागा जपतात, हे पुरावे चेताविज्ञानानंच दिले. म्हणजे त्यांच्या शरीरातून आपण काढलेलं ज्ञान दोन गोष्टी एकदम सांगतं. एक, तुमचा मेंदू असा चालतो. दुसरी, आमचाही असाच चालतो. पहिली गोष्ट आपण दवाखान्यात, औषधात, पाठ्यपुस्तकात नेली. दुसरी गोष्ट त्याच मोजमापातून, त्याच आलेखातून येते आणि तितकीच सिद्ध झालेली आहे. साक्षीदाराचं अर्धं म्हणणं खरं मानायचं आणि उरलेलं अर्धं गैरसोयीचं म्हणून नोंदवायचंच नाही, असं कुठल्याही न्यायालयात चालत नाही.

सारखेपणाचा पेच सुटतो असं मला वाटत नाही, निदान मी काम करते आहे तोवर. पण तो पेच ज्यांच्यामुळे आपल्याला कळला, त्यांच्या बाजूनं रेषा सरकवत नेणं हे त्याच ज्ञानाचं काम आहे आणि ते काम ज्याच्या हातात इलेक्ट्रोड आहे त्यानंच आधी करायला हवं. पुढच्या महिन्यात आमच्या परवान्याची मुदत संपते आहे. नव्या अर्जात प्राण्यांच्या संख्येचा रकाना पुन्हा कोरा आहे. गेल्या वेळचा आकडा तिथे तसाच उतरवायचा नाही, एवढं ठरवून मी तो भरायला घेतला आहे.